तो शब्द आईचा नव्हता

हे लिहायला बसले की हात थांबतो. झालेली चूक कबूल करायची माणसाला लाज वाटते, आणि ती चूक देवाच्या नावावर केलेली असली तर भीतीही वाटते. पण ज्या बायकांनी माझ्या पायांवर डोकी टेकली, त्यांच्यापुढं एकदा सगळं नीट मांडावं असं फार दिवस मनात होतं. बारा वर्षं मी आमच्या गावच्या मरगूबाईचं झाड होते. ज्या बाईच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडे झाड म्हणतात. त्या बारा वर्षांत देवी माझ्याकडे खरोखर दोनदाच आली. बाकीचे सगळे मंगळवार माझे होते.

माझं माहेर वाईचं. आमच्या घरी देव होते, पण ते देव्हाऱ्यात गप बसणारे. लग्न होऊन इस्लामपूर आणि शिराळ्याच्या मधल्या एका गावात आले, तर तिथली देवी माणसांशी बोलत होती. हे सैन्यात होते, वर्षातून दोन महिने काय ते घरी यायचे. लग्नाच्या चौथ्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं आणि मी कोणाशी बोलेनाशी झाले. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला चैत्रातल्या यात्रेला देवळात घेऊन गेल्या. हलगी वाजत होती, आरती चालली होती, आणि त्यापुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा तोंडभर हळद होती, केस सुटले होते आणि बायका हात जोडून उभ्या होत्या. मी काय बोलले ते मला अजून ठाऊक नाही. एवढंच आठवतं, की कोणीतरी मला मांडीवर घेतलं होतं आणि मी पोटभर रडले होते. त्या दिवशी आई, म्हणजे मरगूबाई, माझ्याजवळ आली होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

त्याच वर्षी नवरात्रात ती पुन्हा आली. त्यानंतर आली नाही. पण मंगळवारची आरती काही थांबत नव्हती. आत्याबाई सकाळीच हिरवं लुगडं काढून ठेवायच्या. लांबून लांबून माणसं यायची, त्यांत कोणाचं जनावर आजारी, कोणाच्या लेकीचं लग्न जमत नाही. हलगी सुरू झाली की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे. एका मंगळवारी ते डोळे मला सोसवेनात आणि मीच मान हलवली. केस मोकळे सोडले, घुमले, आवाज जाड केला. वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडूही लागलं. मंगळवारी आत्याबाई माझ्या पाया पडायच्या आणि बुधवारी भाकरी करपली म्हणून माझा उद्धार करायच्या. आठवड्यातला एक दिवस का होईना, त्या घरात माझा शब्द चालत होता.

मी कोणाचं वाईट कधी सांगितलं नाही. दारू सोड, सुनेला चार दिवस माहेरी पाठव, भावाशी बोल, असलं काहीबाही सांगायची. त्यानं काहींचं भलंही झालं, आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत राहिले. पण दर मंगळवारी लुगडं नेसताना आत काहीतरी आडवं यायचं. कोणी रागावल्यासारखं नाही, कोणी फक्त पदर धरून उभं असल्यासारखं. मी तो पदर सोडवून घ्यायची आणि देवळाची वाट धरायची. पुढं पुढं ते इतकं हळू झालं की मला जाणवतही नव्हतं. आता वाटतं, माझी आई त्या सगळ्या वर्षांत तिथंच उभी होती, आणि मी मात्र देवळात तिच्या नावानं ओरडत होते.

आमच्या आळीत शालनअक्का राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक मनीषा, तिला कराडच्या बाजूला दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. अक्का माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण माझ्या अंगात वारं यायला लागल्यापासून त्या मला अहोजाहो करायच्या. लेक आल्यावर पहिल्याच मंगळवारी त्यांनी आईपुढं ओटी ठेवली आणि पोरीचं कसं होईल म्हणून विचारलं. सगळं नीट होईल, एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या दिवशी देवळात गर्दी होती आणि एवढ्याशा उत्तरानं लोकांचं समाधान होत नाही, हे मला अनुभवानं माहीत झालं होतं. देवीनं काहीतरी बंधन घातलं की माणसाला आधार वाटतो. म्हणून मी घुमत घुमत म्हणाले, पोर सुखरूप बाळंत होईल, पण होईपर्यंत तिनं गावची शीव ओलांडायची नाही. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी येऊन जेवले आणि ते विसरूनही गेले.

ऊसतोडीचे दिवस होते. मनीषाला आठवा संपत आलेला. एका मंगळवारी सकाळी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई माझ्या दारात आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. पोरीचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय, रक्तदाब फार वाढलाय, तिला आजच्या आज सांगलीला न्यायला हवं. आठ दिवस सांगून सांगून त्या थकल्या होत्या. अक्का एकच बोलत होत्या, आईनं शीव ओलांडायची नाही म्हणून सांगितलंय. आशाताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी तशीच अक्कांकडे गेले. मनीषा भिंतीला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले. मी अक्कांना परोपरीनं सांगितलं, हातापाया पडले, वाईच्या माझ्या मावसबहिणीचं असंच झालं होतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वैनी, तुमी माणूस म्हणून बोलताय," त्या म्हणाल्या. "माणूस चुकतं. आईचा शब्द मी कसा मोडू? माझी एकच पोर हाय."

माझ्याच खोट्या शब्दापुढं माझा खरा शब्द फिका पडला होता. मग मी म्हणाले, आज मंगळवारच आहे, दुपारच्या आरतीला पोरीला घेऊन या, आईलाच विचारू. त्याला त्या लगेच तयार झाल्या.

घरी येऊन लुगडं नेसताना माझं सगळं ठरलं होतं. घुमायचं आणि आईच्या आवाजात सांगायचं, बंधन सोडलं, पोरीला घेऊन जा. पाच मिनिटांचं काम. पोर वाचेल, माझा मान राहील, कोणाचं मन मोडणार नाही. यात वाईट ते काय, असं मी मनाला विचारत होते. पण इतकी वर्षं जवळजवळ मुकं झालेलं, पदर धरणारं ते आतलं कोणीतरी त्या दिवशी दार अडवून उभं राहिलं. देवळापर्यंतच्या वाटेत मी त्याच्याशी भांडले. एवढं आज होऊ दे, मग मी सोडते, असंही म्हणाले. त्यानं काही उत्तर दिलं नाही आणि वाटही सोडली नाही.

हलगी सुरू झाली. मी केस सोडले. समोर मनीषा अक्कांच्या आधारानं बसली होती, तिचा हात पोटावर होता. मान हलवायला गेले तर मान हलेना. अंगात कोणी आलं नव्हतं, उलट मीच माझ्या अंगात आले होते, बऱ्याच वर्षांनी. मी हात वर करून हलगी थांबवली आणि माझ्या साध्या आवाजात बोलले.

"अक्का, शीव ओलांडू नको हा शब्द आईचा नव्हता. तो मी माझ्या मनानं बोलले होते. आई माझ्याकडे कित्येक वर्षांत आलेली नाही. मी नाटक करत होते."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मागून कोणीतरी म्हणालं, हिच्यावर आई कोपलीय, म्हणून ही असं बरळतीय. अक्का माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात मनीषाच हळू आवाजात बोलली. "आई, मला पहिल्यापास्नं जायचं हुतं. माझ्या जिवाला आतनं कळत हुतं. पर तू भिशील म्हणून बोलले न्हाई." अक्कांनी तिला उठवायला हात पुढं केला.

आशाताईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसरीकडे गेलेली होती आणि यायला वेळ लागणार होता. आता काय, असा विचार करत आम्ही बाहेर आलो, तर पिंपळाखाली एक पांढरी गाडी उभी. एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढत होते. सांगलीला विश्रामबागेत राहणारे, शिराळ्याला निघालेले, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला म्हणून आडवाटेनं आत शिरले आणि देऊळ दिसलं म्हणून थांबले. आमच्या गावात मंगळवारी अशी परक्याची गाडी मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मनीषाकडे एकदा बघितलं, चप्पल परत पायात घातली आणि गाडीचं दार उघडलं. दर्शन राहिलं तुमचं, असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "हेच दर्शन समजा. बसा लवकर." याचा अर्थ काय लावायचा तो ज्याचा त्यानं लावावा. मी त्यांना पुन्हा कधी भेटले नाही, त्यांचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

आष्टा ओलांडल्यावर मनीषाला झटका आला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय अक्कांच्या मांडीवर. दात एकमेकांत रुतले, डोळे पांढरे झाले, आणि पुढच्या सीटवर आशाताई फोनवर दवाखान्याला तयारी करायला सांगत होत्या. मी आईचा धावा करायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. माझ्या तोंडून तिचं नाव घ्यायचा मला अधिकार उरला नाही, असं वाटलं. मी फक्त त्या पोरीला धरून ठेवलं. आणि तेव्हा, गाडी कृष्णेच्या पुलावर असताना, मला पुन्हा ते जाणवलं जे चैत्रातल्या यात्रेत जाणवलं होतं. हलगी नव्हती, हळद नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं होतं आणि कोणीतरी मला घेतलं होतं. भीती होती तेवढीच होती, पण मी एकटी नव्हते.

दवाखान्यात पोहोचल्यावर लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती. मनीषा दोन दिवसांनी शुद्धीवर आली आणि तिनं पाणी मागितलं. अक्का तोवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पोरीला पाणी पाजून त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि कित्येक वर्षांनी मला एकेरीत बोलल्या.

"पोरगी वाचली. तू आणलीस, त्ये मी इसरणार न्हाई. पर आता मी कुणाला इचारू गं? माझी आई तू घिऊन गेलीस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही. त्या दिवशी मी आमच्या यांना फोन करून सगळं सांगितलं. मग हे म्हणाले, "मला ठाऊक होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

गावानं मला सहजासहजी सोडलं नाही, आणि का सोडावं? आत्याबाई चार महिने बोलल्या नाहीत, बोलल्या तेव्हा मीठ जास्त झालंय एवढंच बोलल्या. काही बायका अजून मला बघून वाट बदलतात. मंगळवारच्या आरतीला मी जाते, पण मागच्या बाजूला, खांबापाशी उभी राहते. सुरुवातीला फार ओशाळवाणं वाटायचं. आता वाटतं, तिच्या दारात मागं उभं राहायची जागा मिळाली, हीच तिची मोठी कृपा आहे. इतकी वर्षं मी तिच्यापुढं उभी होते आणि लोकांना ती दिसत नव्हती.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर एका दुपारी मी देवळात बसले असताना शालनअक्का आल्या. माझ्याजवळ बसून त्यांनी विषय काढला. मनीषाच्या सासरची माणसं तिला आणि बाळाला न्यायला येणार होती. बाळ अजून नाजूक, आणि तिकडं त्या पोरीला कामाचा मार फार. पाठवू का नको, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "आई काय म्हणत असंल गं?" त्यांनी मला विचारलं. पूर्वीची मी असते तर एका दमात उत्तर दिलं असतं.

"मला ठाऊक नाही, अक्का," मी म्हणाले. "खरंच ठाऊक नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग मूर्तीकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मग मनीलाच इचारते," त्या म्हणाल्या, "तिच्या जिवाला काय वाटतंय त्ये," आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी तिथंच बसले. काही मागितलं नाही, काही बोलले नाही. लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदाच मी आईपुढं नुसती ऐकायला बसले होते.