अंगणातला खळगा आणि हळदीचा मांडव

चुनखडीच्या मुलखात जमिनीचे खळगे तपासण्यात माझी नोकरीतली सगळी वर्षं गेली. तिथे पाणी आतून दगड विरघळवतं, वर जमीन बशीसारखी बसते आणि एखाद्या सकाळी बशीचा तळच नाहीसा होतो. त्यामुळे नवीन पनवेलला घरी आलो, तरी खोलगट जागा दिसली की मी वळसा घालतो. बायको हसते. हसू दे.

अशात जवळच्याच ओवे गावाहून शाळेतल्या मित्राचा फोन. लेकीची हळद तोंडावर आणि अंगण मधोमध खचलेलं. "आमच्या हळदीला अख्खा गाव नाचतो. मांडव हितं घालू का हॉल बघू?"

इथे काळा कातळ, चुनखडीचं नाव नाही. तरी झोप लागेना. शेवटी यंत्र घेऊन ओव्याला गेलो. खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडायची. ओल्या मातीने भरलेली पोकळी असेल तिथून ती सुळकन जाते. वीज नीट उतरावी म्हणून खुंट्यांशी ओतायला थोडं मिठाचं पाणी ठेवा, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं.

यंत्रावर आकडे उमटले. अंगणभर एकच प्रचंड पोकळी! ओटा, तुळस, शेजाऱ्याची मोटारसायकल, सगळं तिच्यावर उभं. मी येरझाऱ्या घालू लागलो.

"काय झाला रं?" मित्राच्या थोरल्या बहिणीने, नवरीच्या आत्याने, विचारलं.

"ताई, मिठाचं पाणी कुठे ठेवलंय?"

"ठेवलाय कशाला? आमी मिठागरवाले! खाडीचा टँकर मागवून कालच अख्खा अंगन भिजवला."

म्हणजे यंत्र जमीन नव्हे, ताईंचा पाहुणचार मोजत होतं!

मग दुसरी पद्धत. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी प्लेटवर घण मारायचा आणि हादरा जमिनीत रोवलेल्या यंत्रांपर्यंत किती वेळात पोचतो ते बघायचं; पोकळी असेल तिथे तो रेंगाळतो. मीठ त्याला फसवू शकत नाही. घण ताईंनीच घेतला. "ह्यो जावयाच्या नावानं! ह्यो त्याच्या आयशीच्या नावानं!"

विहीणबाईंचा हादरा सर्वांत स्पष्ट आला. एकही कुठे रेंगाळला नाही. खाली सलग कातळ. वरचा मातीचा भराव तेवढा दबलेला.

"नाचा," मी म्हणालो.

हळदीला खळग्यात गाव उसळत होतं. मी ओट्याच्या कडेला, नजर सगळ्यांच्या पायांखाली. ताईंनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली.

"तूच बोललास ना, नाचा? मंग मधी ये."

गेलो. अगदी मधोमध. पण सगळा वेळ चवड्यांवर नाचलो.