सरकलेली गोधडी

मी मुळात भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की एवढं काय घाबरायचं. गॅसचं बटण बंद केलंय की नाही ते मी अंथरुणातून उठून बघते. लिफ्टमध्ये एकटी जात नाही. आणि माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, मी कितीतरी महिने खाली रस्त्यावर उतरू दिलं नव्हतं, तेही भीतीपोटीच.

वन्सं माझ्याहून थोड्या मोठ्या. आमचे हे गेल्यावर त्या रत्नागिरीचं घर पुतण्यांच्या हवाली करून माझ्याकडे भाईंदरला राहायला आल्या. घरात आम्ही दोघी आणि माझी लेक. वन्संना रोज सकाळी चालायची सवय. राई गावच्या खाडीपर्यंत जायच्या, तिथल्या कोळणींशी तासभर बोलायच्या आणि कधी पिशवीत निवटे मासे घेऊन यायच्या. मग हळूहळू कान गेले. मशीन लावतात, पण रस्त्याच्या गोंगाटात त्या मशीनमधून सगळा एकच कालवा ऐकू येतो म्हणतात. एक दिवस केबिन रोडवर मागून रिक्षा आली. रिक्षावाला हॉर्न देत होता, यांना कळलंच नाही. कोपराला घासून गेली. खरचटलं फक्त. पण मी त्याच दिवशी त्यांच्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या.

"वहिनी, चोराच्या पण चपला काढून घेत नाहीत कोठडीत," त्या म्हणाल्या.

"चोर निदान ऐकतो तरी हाक मारली की," मी म्हटलं.

तर अशी बाई घरात बसून वाळायला लागली. खिडकीशी उभी राहायची, खालच्या रिक्षा बघत. जेवणसुद्धा कमी केलं. ते बघून माझ्या लेकीने तिचं ते यंत्र बाहेर काढलं.

लेकीला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद आहे. तिशी ओलांडली तरी आहे. आतल्या खोलीत तिचा मोठा कॉम्प्युटर, आणि त्याच्या जोडीला तिने डोळ्यांवर बांधायचा एक हेडसेट आणलेला. तो लावला की गेम समोर दिसत नाही, तुम्हीच गेमच्या आत उभे. वन्संनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "ही तर घाण्याच्या बैलाची झापडं." तेव्हापासून आमच्या घरात त्याला झापडंच म्हणतात.

पहिल्यांदा त्या झापडांना कॉम्प्युटरपासून वायर होती. मला ती वायर बघूनच धडधडायला लागलं. वन्संच्या पायात गुंतली तर? लेक म्हणाली, "आई, वायर काढून टाकू. वायफायवरून खेळेल आत्या, हॉलमध्ये, मोकळं." मला बरं वाटलं. पण ते बिनवायरचं प्रकरण काही एका दिवसात जमलं नाही. राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. वन्सं हॉलमध्ये उभ्या राहिल्या की चित्र अडकायचं, फाटायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. त्यांना गरगरायला लागलं, मी लिंबाचं सरबत घेऊन धावले. लेकीने मग राउटर उचलून हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या शोकेसवर ठेवला. तरी अडकायचं. शेवटी तिच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरही हवेतून बोलतोय आणि झापडंही हवेतून, म्हणून गर्दी होतेय. तिने एक चपटी पांढरी वायर आणली आणि भिंतीच्या कडेने, दाराच्या फटीतून, कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत ओढली. मला समजावलं, "कॉम्प्युटर ते राउटर वायर. राउटर ते डोकं हवा. एवढं लक्षात ठेव." ठेवलं. दिवसा पण ट्यूबलाईट लावून ठेवायची, कारण झापडांना खोली दिसायला उजेड लागतो, हेही ठेवलं.

लेक ऑफिसला गेली की हे सगळं चालू करायचं काम माझं. वन्संना धीर नाही. मी कॉम्प्युटर चालू करायची, त्यावरचं ते झापडांना चित्र पाठवायचं अॅप उघडायची, मग वन्संच्या डोक्यावर झापडं बांधून पट्टा घट्ट करायची. पट्टा मशीनवर दाबतो म्हणून त्या कानातलं मशीन काढून ठेवायच्या आणि गेमचा आवाज पार वर न्यायच्या. म्हणजे आता मी कितीही हाका मारल्या तरी भिंतीला मारल्यासारख्याच. एकदा मी मागून खांद्याला हात लावला तर त्या अशा दचकल्या की हातातला कंट्रोलर शोकेसच्या काचेवर आपटला. तेव्हापासून हात लावायचा नाही हा नियम झाला. आणि लेकीने त्यांना एक नियम घालून दिला, "आत्या, चित्र थांबलं की एक पाऊल पण टाकायचं नाही. आहेस तिथेच खाली बसायचं." तसं त्या बसायच्या. बसल्या बसल्या मला ओरडायच्या, "वहिनी, तुझी हवा गेली बघ."

गेम डोंगरातून चालायचा. झाडं, पायवाट, मध्येच एक लाकडी पूल आणि खाली नदी. वन्सं जागच्या जागी पावलं टाकायच्या. पुलावर आलं की कठड्यावर हात ठेवल्यासारखा हवेत हात ठेवून वाकायच्या आणि पाणी बघायच्या. मला म्हणायच्या, "मासे पण आहेत गं. पण विकत कोण घेणार." जेवायला लागल्या पुन्हा.

पण खऱ्या खोलीची हद्द जवळ आली की झापडांच्या आत एक निळी जाळी उभी राहते. वन्संना तिचा भारी राग. "एवढ्या डोंगरात हे कोंबड्यांचं खुराडं कुणी बांधलं?" त्या रोज कटकट करायच्या. मग आम्हीच तोड काढली. माझ्या सासूबाईंनी शिवलेली जाड गोधडी दुहेरी करून हॉलच्या मधोमध अंथरली. वन्सं अनवाणी. पायाखाली गोधडी लागतेय तोवर आपण मध्यावर, फरशी गार लागली की मागे यायचं. किती सोपं. कोकणातल्या बाईच्या पायाला गोधडी आणि फरशी कळणार नाही होय. लेक आधी नाही म्हणाली, मग खिडकीसमोर सोफा आहे, खिडकीला लोखंडी जाळी आहे, असं बघून तिने ती निळी जाळी बंद करून दिली. आम्हा दोघींना मोठी अक्कल लढवल्यासारखं वाटलं.

आणि मग बिल्डिंगचं रंगकाम निघालं.

बाहेर बांबूची परांची बांधली, हिरवं कापड सोडलं. आमच्या हॉलला बाल्कनी आत घेतलेली आहे, म्हणजे खिडकीचा कट्टा जेमतेम गुडघ्याच्या वर, आणि त्यापुढे लोखंडी जाळी. ती जाळी गंज काढायला म्हणून रंगाऱ्यांनी उतरवून खाली नेली. सरकत्या काचाही काढल्या. सोफा स्वयंपाकघराच्या बाजूला ओढला आणि सगळ्या फरशीवर प्लास्टिक अंथरलं. सहाव्या मजल्यावर एवढं मोठं भोक. मी त्या भिंतीकडे तोंडच करत नव्हते. लेकीने बजावलं होतं, हे काम होईपर्यंत झापडं बंद.

पण घरात धूळ, ठोकाठोक, अनोळखी माणसं, आणि वन्सं एका खुर्चीत. चौथ्या की पाचव्या दिवशी रंगारी जेवायला खाली गेले तशा त्या म्हणाल्या, "वहिनी, ते येईपर्यंत चार पावलं. तू बस की समोर राखणीला."

मी नाही म्हटलं. त्या उघड्या खिडकीकडे बघत बसल्या. ते बघवेना. मी गोधडी अंथरली, खिडकीपासून चांगली लांब, पार सोफ्याला लागून. झापडं बांधली. समोर खुर्ची घेऊन बसले. सगळं नीट होतं. मग गॅसवरचं दूध आठवलं.

दूध उतू गेलंच होतं. गॅस बंद केला, फडका फिरवला. माणूस फडका फिरवायला किती वेळ लावतो? दारात आले आणि थबकले.

वन्सं खिडकीशी होत्या. कट्ट्यापासून वीतभर अंतरावर. आणि पायाखाली गोधडी होती. तशीच, दुहेरी, नीट. प्लास्टिकवरून त्यांच्या प्रत्येक पावलागणिक ती थोडी थोडी पुढे सरकत गेली होती आणि त्यांना घेऊन गेली होती. त्यांचे पाय त्यांना सांगत होते की तू मध्यावर आहेस. पुढे काच नाही, जाळी नाही, ते हिरवं कापड वाऱ्याने आतबाहेर होतंय. त्या कापडाने पोपटही अडला नसता.

मी हाक मारली. मारली असं मला वाटतं. घशातून आवाज आला की नाही, देव जाणे. आला असता तरी काय. धावत जावं तर पायाखाली प्लास्टिक, मी घसरून त्यांच्यावरच आदळले असते. खांदा धरावा तर दचकतील. गोधडी ओढावी तर तोंडावर पडतील, तेही पुढेच. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही, अंगावर काटा यावा तसं एकदम कळलं. आणि तेवढ्यात वन्संनी उजवा हात कमरेएवढा वर करून हवेत ठेवला. बोटं मिटली.

पूल आला होता. आता त्या वाकणार होत्या.

माझ्या हाताशी, दाराशेजारी, शोकेस होती. राउटर. मी वायर धरली आणि ओढली. नुसती ओढली, कुठली ते बघितलंच नाही. ती चपटी पांढरी आली, तिच्याबरोबर लाईटची पण आली, राउटर फरशीवर पडला. हिरवे दिवे गेले.

वन्सं अर्ध्या वाकलेल्या. तशाच राहिल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात एकच, बसा, बसा, खाली बसा हो. त्यांचं डोकं जरा हललं. त्यांनी हात खाली केला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि त्या सावकाश, कण्हत, गोधडीवर बसल्या.

"वहिनी," त्या नेहमीसारख्या मोठ्याने म्हणाल्या, "तुझी हवा गेली बघ." मग आधाराला हात पुढे केला, तो कट्ट्याला लागला. त्यांनी तो चाचपला. "हा कट्टा कुठून आला इथे?"

मी गुडघ्यांवर रांगत गेले. त्यांच्या पदराचा, पट्ट्याचा, मिळेल त्याचा मुठीत पिळा धरला आणि त्यांना मागे ओढलं, गोधडीसकट. आता मात्र ती गोधडी शहाण्यासारखी सरकली. त्यांनी झापडं वर केली. समोर कापड फडफडत होतं, खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते, ते त्यांना ऐकू येत नव्हते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दूध उतू गेलं का? वास येतोय."

मला रडू फुटलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रंगारी परत आले तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. त्यातला म्हातारा म्हणाला, "आंटी, उधर मत बैठो, खिडकी में जाली नहीं है."

"मालूम है," वन्संनी त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून ओळखून उत्तर दिलं.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, ते मला जास्त लागलं. तिने पडलेला राउटर उचलला, वायरी परत लावल्या आणि ती निळी जाळी चालू केली. मी झापडं पिशवीत घातली, स्टूल घेतलं आणि माळ्याचं दार उघडलं.

"थांब," वन्सं खालून म्हणाल्या. मशीन कानात होतं. "तिथे माझ्या चपला आहेत."

"असू देत."

"वहिनी, माळ्यावर काय ठेवायचं ते एकदा ठरव. दोन्ही नाही वर जाणार. मी रस्त्यावर असते तर रिक्षा मला दिसली तरी असती. इथे घरात, तुझ्या नजरेसमोर, मला काहीच दिसत नव्हतं."

स्टुलावर उभी असताना भांडता येत नाही. एका हातात झापडं, दुसऱ्या हाताने माळ्याचा काठ धरलेला. लेक म्हणाली, "आई, पडशील." मग मी पिशवी आत सरकवली आणि चपला खाली टाकल्या. धुळीने भरल्या होत्या. वन्संनी त्या पदरानेच पुसल्या.

पुढे खिडकीची जाळी रंगून परत बसली, सोफा जागेवर गेला, तशी झापडंही खाली उतरली. आता खुराडं दिसलं की वन्सं गपचूप मागे येतात. पण ते नंतरचं.

त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. मी त्यांचा हात मनगटापाशी धरला होता, असा की माझी बोटं दुखत होती. गेटपर्यंत ठीक होतं. केबिन रोडला मात्र नेहमीसारखं सगळं एकदम, रिक्षा, टेम्पो, भाजीच्या गाड्या. ओलांडायला निघालो आणि बरोबर मध्ये असताना दोन्हीकडून रिक्षा आल्या. मी थांबले. पायच उचलेना. हॉर्न, शिव्या, माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं कापड.

वन्संनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "चित्र थांबलंय. इथेच बसू का खाली?"

"चला गप," मी म्हटलं, आणि पाय उचलला. पलीकडच्या फुटपाथला लागेपर्यंत मी हसले नाही. मनगट तर खाडीपर्यंत सोडलं नाही.