मेहुण्याचे तीन गुण

बहारीनमधल्या आमच्या हौशी बास्केटबॉल लीगमध्ये पैसे फेकून संघ उभा करता येत नाही. प्रत्येक खेळाडूला दर्जाप्रमाणे गुण दिलेले असतात: अव्वल असेल तर पाच, मधला असेल तर तीन, नवशिक्याला एक. साऱ्या संघाची बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की संघ बाद. मी सीफमधल्या एका ऑफिसात अकाउंटंट आहे, तेव्हा असली गणितं माझ्या डाव्या हातचा मळ. खेळता मला फारसं येत नाही. पण मॅनेजर मीच, आणि दरवर्षी तळाला राहून माझं डोकं फिरलं होतं.

यंदा मी एक उंचापुरा लेबनानी बँकर गळाला लावला. पाठोपाठ सलमानियाच्या हॉस्पिटलातला एक फिलिपिनो नर्सही यायला तयार झाला. हा माणूस मैदानात कुठेही उभा राहून बास्केट टाकतो. मला तर चषकाची स्वप्नं पडायला लागली. मात्र दोघांचे मिळूनच दहा गुण झाले आणि बेरीज काही केल्या बसेना. बाकीचे सगळे एकेका गुणाचे, त्यांना काढून उपयोग नव्हता. तीन गुणांचा एकच होता, माझा मेहुणा.

तो सित्र्याला वेल्डर आहे, कंपनीच्या कॅम्पात राहतो. शुक्रवारी सराव झाला की माझ्याबरोबर घरी येतो आणि बहिणीच्या हातचं पोटभर जेवतो. आमच्या लेकीशी तो मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तरं देते, आणि दोघांचं छान जमतं. त्याला संघातून काढलं तर तो दुखावेल, घरी यायचाच बंद होईल, या धास्तीनं मला जेवण जाईना. पण नर्सही सोडवत नव्हता.

आमच्याकडे दाजी-मेहुण्यांत अवघड बोलणं थेट होत नाही, मध्ये बहीण लागते. म्हणून मी बायकोला म्हटलं, "तू जरा त्याच्या कानावर घाल."

"तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून ती हसली. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

नावं द्यायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो. मी घसा खाकरला, तेवढ्यात तोच म्हणाला, "दाजी, राग मानू नका. या वेळी माझं नाव नका देऊ. गुडघा खलास झालाय, वर्षभर दुखतोय. ताईला म्हटलं तुम्हाला सांग, तर ती ऐकेना."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसतच सुटलो. मग नर्सचं, गुणांचं, सगळं सांगून टाकलं. तोही पोट धरून हसला. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला होता.

"पण वर्षभर दुखत होता, तर खेळलास कशाला?" मी विचारलं.

त्याचं हसू ओसरलं. ताटातल्या भाताशी चाळा करत तो म्हणाला, "खेळणं सुटलं तर दर शुक्रवारी इथं यायचं कुठल्या तोंडानं?"

बायको आमटी वाढायला वाकली होती, ती तशीच थांबली. "बहिणीकडे यायला निमित्त लागतं होय रे?" ती म्हणाली, आणि त्याच्या भातावर आमटी ओतली.

आता सराव असो नसो, दर शुक्रवारी गाडी घेऊन त्याला आणायला मी स्वतः सित्र्याला जातो.