सकाळी चालणाऱ्या बाई

दिनांक १९ एप्रिल २०२५, शनिवार. जानेफळ येथील एका खासगी माध्यमिक शाळेचे पत्र्याचे सभागृह, दुपारी एकचा सुमार. पालकांच्या भरल्या सभेत संस्थेचे सचिव निवृत्तीभाऊ हे गणिताच्या शिक्षिका भार्गवी पाठक यांना उद्देशून म्हणाले, “मॅडम, सकाळी तुम्ही टकाटक चालता अन् दुपारी तुमचे पाय जातात. बिमारी काय घडी पाहून येते?” सभा हसली.

मी भार्गवीचा थोरला भाऊ वैजनाथ. तिला सोबत म्हणून आलो होतो आणि त्या वेळी मागच्या रांगेत बसलो होतो. बुलढाण्यात न्यायालयात लघुलेखक असल्यामुळे बोललेले जसेच्या तसे उतरवणे हाच माझा व्यवसाय आहे. वरील वाक्यात मी काना-मात्रेचाही फरक केलेला नाही. माझी तक्रार प्रश्नाबद्दल नाही. प्रश्न रास्त होता. उत्तर ऐकायला कोणी थांबले नाही, ही तक्रार आहे. म्हणून ते उत्तर येथे लिहून ठेवतो.

भार्गवी मेहकरला सासरी राहते आणि रोज जीपने जानेफळला जाते. वाट पाहणे तिला लहानपणापासून जमले नाही. बस उशिरा आली तर ती पुढच्या थांब्यापर्यंत चालत सुटे. उदाहरण अडले तर जेवता जेवता ताटाच्या कडेला आमटीच्या बोटाने समीकरण मांडी आणि आईचा मार खाई. अशा मुलीच्या वाट्याला असा आजार यावा की ज्यात निम्मा दिवस शरीराची वाट पाहण्यात जातो, याचीही मला तक्रार आहे. ती कोणाकडे दाखल करावी हे मात्र कोणत्याच नियमात सापडत नाही.

सुरुवात डोळ्यापासून झाली. वर्गात तिने लाल खडू मागितला आणि हातात आलेला खडू विटकरी आहे म्हणून परत केला. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. उजवा डोळा झाकला की तोच खडू लालभडक दिसे. काही आठवड्यांत डोळा निवळला आणि घरच्यांनी नव्या चष्म्यावर विषय संपवला. पुढच्या उन्हाळ्यात कमरेभोवती कोणी पट्टा आवळत असल्यासारखे वाटू लागले, बोटांना मुंग्या आल्या, आणि डावा पाय जमिनीवरून ओढला जाऊ लागला. शेजारच्या रुखमाबाईंनी अंगणात उभे राहूनच निदान केले. “वारं गेलं पोरीच्या अंगावून.”

आमच्याकडे पक्षाघाताला वारं म्हणतात. त्या शब्दाने कोणाचे नुकसान झाले नसते. पण वारं म्हटले की वाऱ्यापासून जपणे ओघाने आलेच. भार्गवीच्या सासूबाई शकुंतलाबाई सुनेला जीव लावणाऱ्या. त्यांनी ऐन मे महिन्यात तिच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, पंख्याचे बटण चिकटपट्टीने बंद केले, अंगावर घोंगडी घातली आणि रोज संध्याकाळी एरंडाची पाने तव्यावर तापवून पायांना शेक द्यायला सुरुवात केली. शेक झाला की भार्गवीचा पाय पुरता जाई, जीभ जड होई, समोरचे माणूस धूसर दिसे. पहाटे भिंती निवल्या की मात्र ती आपली आपण उठून न्हाणीघरापर्यंत चालत जाई. शकुंतलाबाई ते पाहत आणि समाधानाने म्हणत, “शेकाचा गुण आला हो.” गुण आला, म्हणून संध्याकाळी शेक वाढे.

मी भेटायला गेलो तेव्हा ती घामाने निथळत पडली होती.

“दादा, वारं माझ्या अंगावरून गेलं म्हणतात. मग शिक्षा पंख्याला काऊन?”

“तोंड चालू आहे ना हिचं, मग बरीच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “वैजनाथराव, तुम्ही तिच्या नादी लागू नका. पांघर गं ते.”

तिचा नवरा शंतनु तहसील कार्यालयात लिपिक आहे. मितभाषी माणूस. त्याने एके दिवशी कोणाला न विचारता गाडी ठरवली आणि तिला संभाजीनगरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. मीही सोबत होतो. मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे एमआरआय झाले, पाठीतून पाणी काढून तपासले गेले, आणि आजाराचे नाव कळले: मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या.

“मोटारपंपाची केबल उंदरानं कुरतडली तर काय होतं?” त्यांनी विचारले.

“कधी चालते, कधी बंद पडते,” शंतनु म्हणाला.

“नसांवर तसंच आवरण असतं. इथं उंदीर बाहेरचा नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच ते कुरतडतात. उघड्या पडलेल्या नसेतून संदेश जातो, पण अडखळत जातो. आणि अंग तापलं की थांबतोच. अंग निवलं की पुन्हा जाऊ लागतो.”

शंतनुने हातातल्या फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाला, “आई रोज शेक देते. त्यानं वाढलं का?”

“आजार त्यानं वाढला असं मी म्हणणार नाही. त्रास रोज वाढला. सकाळी ह्यांना बरं वाटायचं ते शेकामुळे नाही, शेक उतरल्यामुळे.”

आजार समूळ जाणार नाही, इंजेक्शनांनी नवे झटके कमी करता येतील, आणि दोन रुग्णांना हा आजार असला तरी दोघांचा सारखा नसतो, हेही त्यांनी सांगितले. घरी आल्यावर शंतनुने आईला सगळे समजावले. शकुंतलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. “म्हणजे मी पोरीला भाजत होते का रे?”

“अर्धीकच्ची राहिले, आई,” भार्गवी म्हणाली. “चालतंय.”

शकुंतलाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई एरंडाची पाने घेऊन आल्या तेव्हा त्यांना दारातच ऐकावे लागले, “ती पानं तुमच्या गुडघ्याले बांधा. आमच्या सुनेले आता कूलर लागते.”

घरातली एक अडाणी समजूत एका दिवसात गेली. शिकल्यासवरल्या शाळेतली अजून गेलेली नाही.

त्यानंतर तीन वर्षे भार्गवीने दहावीला गणित शिकवले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी तिला सकाळचा जादा तास आणि वेळापत्रकातले पहिले तास दिले होते. ती गळ्याभोवती ओला पंचा घेऊन स्टुलावर बसे. हात थरथरत असल्याने फळ्यावर वर्तुळ काढायला मुलांना बोलावी आणि वर्तुळ बटाट्यासारखे आले की म्हणे, “ह्याची त्रिज्या कोणत्या बाजूनं मोजू बाप्पा?” शाळेतले स्वच्छतागृह मैदानाच्या पार टोकाला आहे. या आजारात लघवी अडवून धरता येत नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी कमी पिई आणि त्याने अधिकच थके. हा थकवा झोपेने जात नाही. एखाद्या दुपारी तिला ओळखीचा शब्द सापडत नसे, तेव्हा ती रागाने मांडीवर बुक्की मारी. हे सभेत हसणाऱ्यांनी पाहिलेले नाही. त्यांनी एवढेच पाहिले की बाई सकाळी जीपमधून उतरून ताठ चालत येतात आणि दुपारी भिंतीला धरून जातात.

निवृत्तीभाऊ नवे सचिव म्हणून आले आणि सभा बोलावली गेली. विषय: पुढील वर्षी दहावीचे गणित कोणाकडे. सकाळची शाळा सुटल्यावर, एप्रिलमध्ये, पत्र्याखाली. तो प्रश्न विचारला गेला तेव्हा भार्गवी व्यासपीठावर खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली.

“हो भाऊ, घडी पाहूनच येते,” ती म्हणाली. “म्हणून तर मी घडी पाहून तास मागते.”

पुढे तिला केबलचे सांगायचे होते. मागच्या फळ्याकडे वळताना डावा पाय दुमडला, शब्द एकात एक मिसळले आणि ती व्यासपीठाच्या कडेला बसली. मागून कोणीतरी म्हणाले, “आलं बा वारं.” मी तिला कार्यालयात नेले, पंचा भिजवून मानेवर ठेवला, पंखा तिच्याकडे वळवला. पाऊण तासाने ती उठली आणि फाटकापर्यंत चालत गेली. तिथे उभ्या असलेल्या दोघा पालकांतला एक दुसऱ्याला म्हणाला, “पाह्य, चालली न आता.” तिचे पडणे त्यांना सोंग वाटले, आणि सोंगाचा पुरावा म्हणून त्यांनी तिचे उठणे धरले.

जूनमध्ये आदेश निघाला. दहावीचे गणित काढून घेण्यात आले. ग्रंथालय देण्यात आले, तेही दुपारच्या वेळेत, त्याच सभागृहाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. दहावीचे गणित सध्या विज्ञानाचे शिक्षक सवड मिळेल तसे घेतात. दिव्यांगांविषयीच्या कायद्यात या आजाराचे नाव स्पष्ट छापलेले आहे. मी तिला न्यायालयात जा म्हणालो. ती म्हणाली, “दादा, तुमच्याकडे तारीख पडेपर्यंत आत्ताची दहावी मला लग्नाच्या पत्रिका द्यायला येईल. मला ह्याच वर्षी शिकवायचं आहे. पुढच्या वर्षी हात कसा असेल, कोणी सांगावं?”

हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. ती बसल्या जागी सारखी पाय हलवत होती; तो पाय आजाराने हलत होता की उतावळेपणाने, ते मला ओळखता आले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांची मुले त्या शाळेत आहेत, ते त्या सभेत बसलेले होते. संस्थेची पुढील बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आहे. तेथे जा. दहावीचे गणित पाठक मॅडमना सकाळच्या तासांसह परत द्या, अशी मागणी उभे राहून, स्वतःचे नाव सांगून करा. उत्तर मिळाल्याशिवाय बाहेर पडू नका.