मागची पांढरी बत्ती

आगरदांड्याच्या जेट्टीवरची ती सकाळ माझ्या मनातून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. त्या प्रकरणात मी जे केलं त्याचं ओझं आजही माझ्यावर आहे. पण पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, हेही आधीच सांगून टाकतो.

दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या उलट्या चढवतात. मागे उभा असलेला खलाशी हात हलवत 'येऊ द्या, येऊ द्या' करतो आणि गाडी रिव्हर्समध्ये बोटीत शिरते. बोटीच्या फळीचा उंचवटा चढायला थोडा जोर द्यावा लागतो. त्या दिवशी जोर दिल्यावर एक गाडी मागे जायच्या ऐवजी उसळून पुढे आली. रांगेत सायकल धरून उभा असलेला पाववाला कठड्याला दाबला गेला. त्याचा पाय मोडला, जेट्टीभर पाव पसरले आणि लोकांनी गाडीला वेढा घातला.

गाडी चालवणारी बाई नागावची. नारळाच्या वाडीत तिचं होमस्टे, आणि बाजारहाटापासून पाहुण्यांच्या ने-आणीपर्यंत सगळं त्याच गाडीवर. गुन्हा सिद्ध झाला असता तर लायसन्स गेलं असतं, कदाचित शिक्षाही झाली असती. पोलीस ठाण्यातून मी तपासाला पोहोचलो तेव्हा ती स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. विचारल्यावर एवढंच म्हणाली, "मी रिव्हर्सच टाकला होता."

पंचनामा करून गाडी ओढत ठाण्याच्या आवारात आणली. दुपारी तो खलाशी आपणहून ठाण्यात आला.

"साहेब, मी मागंच व्हतो. रिव्हर्स टाकला का मागं पांढरी बत्ती लागते. हिची लागलीच न्हाय. बाई खोटं बोलते."

त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक, क्लच ठीक, रिव्हर्स पडतो, वाहनात दोष नाही, असा अहवाल आला. वरून फोन आला की साधं प्रकरण आहे, दोषारोपपत्र पाठवून द्या. मलाही ते साधंच वाटत होतं.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी बाईंची चौकशी केली. एकच प्रश्न चारही बाजूंनी फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी आपला जबाब थोडा सुधारतो, अडचणीच्या जागी एखादा तपशील भरतो. या बाईंनी काहीच भरलं नाही. शेवटी मी बत्तीचं सांगितलं. आता त्या ढासळतील असं मला वाटलं होतं.

त्या म्हणाल्या, "बत्ती लागली नाही? मग रिव्हर्स पडला नसणार."

हवालदाराने लगेच जबाबात लिहिलं, 'मी रिव्हर्स गिअर टाकला नाही.' वाचून दाखवल्यावर बाई खुर्चीतून उठल्या.

"असं मी बोललेच नाही. मी टाकला. तो पडला नाही. तसं लिहा."

हवालदार हसला. टाकला नाही काय नि पडला नाही काय, एकच, असं त्याचं म्हणणं.

"एकच कसं? एक माझं काम, दुसरं गाडीचं. त्या पाववाल्या काकांच्या उशाशी मी रोज जाऊन बसेन. पण न केलेली चूक कबूल करणार नाही. मला गाडीत बसवा."

चूक कबूल करण्याचा सल्ला त्यांना घरच्यांनीही दिला होता. त्या कोणाचं ऐकत नव्हत्या. मी चावी मागवली.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि शिपायाला मागे उभं केलं. बाईंनी रिव्हर्स टाकला, बत्ती लागली. पुन्हा टाकला, पुन्हा लागली. आवारातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी गिअरचा दांडा हलवणं चालू ठेवलं. आणि मग एकदा दांडा रिव्हर्सच्या जागी होता, पण मागे काहीच लागलं नाही. बाईंनी दोन्ही हात वर धरले.

"आता कोणी हात लावू नका."

पंचांना बोलावलं, निरीक्षकांनाही परत बोलावलं. पुढचं चाक जॅकवर उचलून इंजिन चालू केलं. दांडा रिव्हर्सवर आणि चाक पुढच्या दिशेने फिरत होतं. ती बत्ती दांडा हलल्याने लागत नाही, आत गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स पडला तरच लागते. दांडा रिव्हर्सला होता, आत मात्र पहिला गिअर पडला होता. दोघांना जोडणाऱ्या केबलचं लॉक अर्धवट बसलेलं निघालं. हादऱ्याने केबल सरकायची, कधी बरोबर लागायची, कधी नाही. खलाशी खरं बोलला होता. बाईही खरं बोलत होत्या.

काही दिवसांपूर्वी त्या गाडीची क्लच प्लेट बदलली होती. गॅरेज मुरुडला, माझ्या शाळेतल्या मित्राचं. ठाण्याची जीपही त्याच्याकडेच जायची. त्याने चहा मागवला आणि सगळं सहज सांगितलं. गिअरबॉक्स उतरवला, परत चढवला, केबल जोडली. दांडा आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलला धरून लॉक बसवायचं असतं ना, असं मी विचारलं.

"दर वेळी कोण धरत बसतो? हाताला कळतं."

बाई तक्रार घेऊन परत आल्या होत्या का?

"आलती की. गिअर अडकतो म्हणे. मी म्हटलं, ताई, बाईमाणसाचा हात, जड लागायचाच. वापरून सुटंल." तो हसला. मग त्याने माझ्या हातातला कागद पाहिला. "अरे, हे लिहितोस काय?"

"तू बोललास तेच लिहितोय."

आरोपी म्हणून बाईंचं नाव वगळलं गेलं आणि त्याचं आलं. वरिष्ठांनी सुनावलं. त्याची आई माझ्या आईकडे येऊन रडली. कोर्टात त्याला किरकोळ शिक्षा झाली, पण गिऱ्हाइकं तुटली. लहानपणी एकाच सायकलवरून फिरलेल्या माणसाचा धंदा मी बुडवला, असं मुरुडात लोक म्हणत, आणि ते खोटं नाही.

तरीही मी वाकत नाही. केबल अर्धवट बसणं ही चूक कोणाच्याही हातून होईल. गाडी बिघडली आहे असं सांगायला आलेल्या बाईला हसून परत पाठवणं, ही चूक नव्हे. ती सवय आहे. ती हवालदारालाही होती, आणि बत्तीचं ऐकल्यावर काही वेळ मलाही होती. त्यानंतरच्या नोकरीत जबाब लिहिताना मी माणसाचा शब्द कधी बदलू दिला नाही.

पाववाले काका थोडे लंगडत चालतात. आगरदांड्याला तो खलाशी अजून आहे. आता तो गाडीमागे उभा राहून आधी 'बत्ती?' असं ओरडतो, आणि ती दिसल्यावरच 'येऊ द्या' म्हणतो.

मुरुडला गेलो की मी आडवाटेने जात नाही. गॅरेजवरूनच जातो आणि हात करतो. तो बॉनेटमधून मान वर काढत नाही. पुढच्या वेळी मी पुन्हा हात करतो.