सावंत काकूंच्या फ्रिजमागचा कॉलम

गेल्या महिन्यातला रविवार. सकाळी थर्माकोलची बिल्डिंग काखेत मारून मी मुलुंडच्या एका सोसायटीत पोचले. त्या दिवशी जे बघितलं त्यातून अजून बाहेर आलेली नाही, म्हणून लिहितेय.

आधी थोडं सांगते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमची इंजिनिअर लोकांची एक संस्था आहे. नव्या मुलांची इंटरव्ह्यूची तयारी करून घ्या, घरातल्या तोडफोडीचे नियम कडक करा म्हणून पालिकेला पत्रं पाठवा, आणि रविवारी सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना त्यांचीच इमारत समजावून सांगा... असले उद्योग आम्ही फुकटात करतो. माझा नवरा याला हौसेची हमाली म्हणतो.

बरोबर आमचे कांबळे सर होते. आता रिटायर्ड, पण सगळं आयुष्य इमारती तपासण्यात गेलेलं. ते फारसं बोलत नाहीत, त्यामुळे बडबड माझ्या वाट्याला.

माझा कार्यक्रम ठरलेला आहे. थर्माकोलच्या बिल्डिंगचा एक कॉलम, म्हणजे खांब, मी काढते आणि ती हळूहळू कलते. लोक टाळ्या वाजवतात. मग स्क्रीनवर एक फोटो येतो... कुणीतरी मोठा फ्रिज बसावा म्हणून कॉलमच कोरलाय. त्यावर हमखास हशा. त्या दिवशीही लोक हसले, सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकर तर सगळ्यात जास्त.

नंतर चहा चालू असताना पहिल्या मजल्यावरच्या सावंत काकू माझ्याजवळ आल्या. साठीच्या, भारी उत्साही. म्हणाल्या, "तुझ्या त्या फोटोतलं काम अगदीच गचाळ होतं गो. आमचं बघ चल, कळणार पण नाय."

मला वाटलं, काकू माझी फिरकी घेतायत.

सर आणि मी वर गेलो. काकूंनी कौतुकाने दोन दरवाज्यांचा फ्रिज पुढे ओढला. मागे कॉलम, त्यावर फुलाफुलांच्या टाइल्स... आणि त्याची जाडी निम्मीसुद्धा उरली नव्हती. सरांनी हात लावून बघितला आणि आतल्या लोखंडी सळयांचं काय झालं ते विचारलं. काकू अगदी सहज म्हणाल्या, त्या मधे येत होत्या, कापल्या आणि भंगारवाल्याला दिल्या.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. वर छताच्या कोपऱ्यात एक तिरकी चीर होती. पुट्टी भरून रंग मारलेला, तरी परत उघडलेली.

पण खरा धक्का अजून बाकीच होता. काकू सांगत होत्या, एकट्याचं काम महाग पडत होतं, म्हणून पेडणेकरांनी चार घरांचं मिळून एकाच माणसाला दिलं. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत, एकाच्या डोक्यावर एक. तोच कॉलम. सगळ्यांचे फ्रिज झकास बसले, असं म्हणून त्या हसल्या.

सर एवढंच म्हणाले, "विंग रिकामी करायची. आत्ता."

खाली येऊन सांगितलं तर कुणाला खरंच वाटेना. पेडणेकर भडकले. इतकी वर्षं काही झालं नाही, आता बोभाटा झाला तर इथला फ्लॅट कोण घेणार, म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं मटण शिजत होतं, ते म्हणे जेवून निघतो. जेवून! मी अक्षरशः घसा फोडून ओरडले. थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणारी हीच माणसं आता माझ्याकडे अशी बघत होती, की जणू त्यांची बिल्डिंग पाडायला मीच आलेय.

या गडबडीत काकू कधी वर गेल्या कळलंच नाही. जिना उतरल्या त्या देव्हाऱ्यातले देव ताम्हणात घेऊन, मागे बनियनवरच निघालेले काका. ताम्हण त्यांनी वॉचमनच्या खुर्चीवर ठेवलं आणि सगळ्यांकडे वळल्या.

"मी स्वतः उभं राहून कापून घेतलाय तो. आता मला तिथे उभं राहवत नाय. तुमच्या घशाखाली मटण उतरणार काय?"

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरचे पातेलं फडक्यात धरून खाली आले. मग एकेक करत सगळेच उतरले... दुपारपर्यंत विंग रिकामी झाली.

सरांच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने पार्किंगपासून वरपर्यंत लोखंडी टेकू लावले. ते काम चालू असतानाच दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलमची एक टाइल तडकून आपोआप खाली पडली. कांबळे सरांचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

आता दुरुस्ती चालू आहे, लोक नातेवाइकांकडे राहतायत. पेडणेकर माझ्याशी बोलत नाहीत, पण दुरुस्तीसाठी धावपळ तेच करतायत. आणि मी... तो कोरलेल्या कॉलमचा फोटो किती सोसायट्यांमध्ये दाखवलाय मी. हसणाऱ्यांपैकी किती जण घरी जाऊन अशाच फ्रिजमधलं पाणी प्यायले असतील, हा विचार पाठ सोडत नाही.

काल घाटकोपरला कार्यक्रम होता. काकू आपणहून आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. फोटोवर लोक हसले, तशा उठून उभ्या राहिल्या. "हसू नका," म्हणाल्या, "घरी जाऊन आधी फ्रिज ओढून बघा." आणि मग स्वतःची सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता.

काकूंचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

काकू खाली बसल्या, तेवढ्यात मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून माझ्याजवळ आले. अगदी हळू आवाजात विचारलं, मॅडम, वॉशिंग मशीनसाठी कापला असेल तर चालतं का...

आम्ही चहा न घेताच त्यांच्या घरी निघालो. काकू सगळ्यात पुढे.