‘पुढे गावकरी चालवतील’

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेला देणगीसाठी अर्ज करायचा झाला, की बबिता राठोडचं नाव निघायचंच. दारव्ह्याजवळच्या तांड्यातली ही पोर समाजकार्य शिकली, एका संस्थेत तुटपुंज्या पगारावर लागली आणि तिथल्या अध्यक्षांना इंग्रजी जमेना म्हणून अर्ज लिहू लागली. हात असा बसला, की पुढे नोकरी सोडून तिनं हाच धंदा केला. पार केळापूरचे संस्थाचालक तिच्या दारात चपला काढायचे. देणाऱ्या कंपन्यांना काय वाचायला आवडतं, हे तिला बरोबर कळायचं.

सगळ्यात जास्त आवडायचं ते शेवटचं आश्वासन. तीन वर्षांनी पैसे थांबले, की पुढे गावकरी चालवतील. कुठलेच गावकरी चालवत नसत आणि हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या बोलणीत वरपक्ष ‘आम्हाला काही नको’ म्हणतो ना, तसंच ते वाक्य.

स्वतःच्या तांड्यासाठी अर्ज केला तेव्हाही तिनं ते सवयीनं लिहून टाकलं. दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला जायची, पोरं सोबत जायची आणि शाळा बुडायची. अर्ज मंजूर झाला, तांड्यात हंगामी वसतिगृह निघालं. भाऊ-भावजय उसात असताना भाची वर्षा तिथं राहून सातवीत पोचली. बबिताला शिकल्याचं सार्थक वाटलं होतं.

यंदा तीन वर्षं भरली. कंपनीचा साहेब म्हणाला, “आता तांडा चालवणार ना, मॅडम? तुम्हीच लिहिलंय.” तिनं विनवण्या केल्या, दुसऱ्या कंपन्यांकडे धावाधाव केली, पण तोवर मुकादमाचा ट्रक यायची वेळ झाली.

तांड्याचे नाईक देवसिंग तिला म्हणाले, “आमी चालवू असं तू लिवलं म्हनते. चालवनारे त उसात रायतात, बाई. मांगं आमी म्हातारेच. तुले मालूम नोतं काय?”

मालूम होतं. म्हणूनच तर तिनं वसतिगृह मागितलं होतं.

“एकडाव आमाले इचारलं असतं,” ते म्हणाले. आयुष्यभर बबिता दुसऱ्यांच्या वतीनं लिहीत आली होती. आपलीच माणसं, त्यांनाच विचारायचं आपण कसं विसरलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

ट्रक आला. वर्षाचा हात धरून ती भावजयीला म्हणाली, “लालीभाभी, हिले मी यवतमाळले नेतो. माह्या घरी राहून शिकंन.”

लालीबाईनं ट्रकात चढणाऱ्या बाकीच्या पोरींकडे पाहिलं. “अन् ह्याईले?”

बबितानं वर्षाचा हात आणखी घट्ट धरला. तेव्हा वर्षानंच हळूच हात सोडवून घेतला. “आत्या, मी तुह्यासंग आली त बारक्याले कोन पाह्यन? तोबी वसतिगृहातच राहे.”

धाकट्या भावाला आधी वर चढवून ती ट्रकात चढली आणि मैत्रिणींत जागा करून बसली. आत्यावर ती जराही रागावलेली नव्हती. रागावली असती, तर बबिताला थोडं तरी बरं वाटलं असतं.